निजलेली कारवी

सावंतमामा गेल्याचं मला बोरिवलीच्या बाजारात मासळीवालीकडून कळलं, तेही तेरावं उलटून गेल्यावर. मला कळवायचं कुणाला सुचलं नाही... आणि का सुचावं?

संपात गिरणी सुटली आणि मामा इथल्या राखीव जंगलात रोजंदारीवर राखणीला लागले. रविवारी सकाळी आम्ही दहा-बारा जण पायवाटेने त्यांच्या मागून चालायचो, झाडांची नावं विचारून त्यांचं डोकं खायचो. मी शाळेत शिकवतो, म्हणून मी मास्तर. एका उन्हाळ्यात वरच्या वळणाच्या उतारावर वाळक्या काठ्या पाहून मी म्हणालो, या तोडत का नाही? ते थांबले. "मास्तर, ही मेलेली नाय, निजलेली आसत." ती कारवी होती. सात पावसाळ्यांत एकदाच फुलणारी. सहा झाले होते. फुलली की गावाहून बायकोला आणून तो उतार दाखवायचा, हे ते ज्याला त्याला सांगत.

त्याच महिन्यात कुणी मोठे साहेब पाहणीला येणार होते. मला पुढे पुढे करायची भारी हौस. मामा दुसऱ्या टोकाला असताना मी मंडळींना कोयते वाटले आणि दोन तासांत तो उतार बोडका करून टाकला. मामांचे शब्द मला आठवत होते, खोटं कशाला बोलू? पण चार काठ्यांचं एवढं काय, असं वाटलं. साहेब भडकले, हे कुणी करायला सांगितलं म्हणाले, आणि माझी तंतरली.

"सावंतांनी सांगितलं."

मामा माझ्या मागेच उभे होते. ते खाली वाकून तोडलेल्या काठ्या गोळा करू लागले. मास्तर असं खोटं बोलेल, हे त्यांना कधी वाटलंच नसावं... आठवड्याभरात त्यांचं काम गेलं. मी लाजेने जंगल सोडून पवईच्या तलावावर फिरायला जाऊ लागलो.

पुढच्या उन्हाळ्यात ते दारात आले. वरच्या कड्यावरची कारवी फुलून गेली होती. तिकीट काढून आत जाऊन त्यांनी बिया गोळा केल्या होत्या. कागदाची पुडी हातात दिली. "उतारार टाका, मास्तर." चहालाही थांबले नाहीत. मी पुडी खणात टाकली. तिथे जायचं म्हणजे त्या मंडळींना तोंड दाखवायचं!

परवा गेलो. चिखलात बिया दाबत होतो, तेवढ्यात नवा राखणदार ओरडला, हे कुणी करायला सांगितलं?

"सावंतांनी सांगितलं."

कोण सावंत, त्याने विचारलं. मी सगळं सांगितलं, कोयते कुणी वाटले तेही. बिया रुजतील की नाही, देव जाणे. पुडीचा कागद घरी आणून मी पुन्हा खणात ठेवलाय. त्यावर पेन्सिलीने लिहिलंय, 'मास्तरांसाठी'.