माथ्याच्या अलीकडे

चौधरी मिस कुठल्याही टेकडीच्या माथ्यावर जात नसत. यावलच्या पुढे सातपुड्यात शाळेची सहल निघाली की त्या आम्हा मुलींना पुढे घालत, दमलेल्यांच्या पिशव्या स्वतःच्या खांद्याला लावत, आणि माथा अगदी जवळ आला की एखाद्या दगडावर बसून बुटाची नाडी सोडत. "जा, बघून या. मी आहे इथेच." ती नाडी पुन्हा बांधून होईपर्यंत आम्ही वर जाऊन खाली आलेल्या असायचो.

जळगावच्या आमच्या इंग्रजी शाळेत त्या भूगोल शिकवत. गढवालमधल्या एका हिमशिखरावर त्या जाऊन आल्या होत्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते शिखर त्या फळ्यावर दोन रेघांत काढत आणि त्याचा इतिहास घरातल्या माणसांविषयी बोलावं तसा सांगत. पहिले गोरे लोक उत्तरेकडून आले, त्यांना हिमनदीतल्या भेगांनी परत पाठवलं. दुसऱ्या तुकडीचा एक हमाल तिथेच राहिला. मग लष्कराची माणसं पश्चिमेच्या धारेने पोहोचली, आणि पुष्कळ वर्षांनी मुलींची तुकडी. "वर कोण गेलं ते पुस्तकात सापडतं," त्या म्हणत. "तंबूत कोण राहिलं ते विचारत जा."

एकदा पुढच्या बाकावरच्या एकीने विचारलंच. "मिस, तुमच्या वेळी कोण राहिलं?"

मिसनी डस्टर उचललं आणि शिखर पुसून टाकलं.

मी फार बोलत नसे. मराठीत तर चुकेन या भीतीने आणखीनच कमी. बहुधा म्हणूनच बारावीच्या परीक्षेनंतर मिस आमच्या घरी आल्या आणि आईला म्हणाल्या, "आखाजीला पिंपळनेरला जातेय. हिला नेऊ का? बडबड करत नाही, सोबतीला बरी."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात. मिसचं लग्न झालेलं नव्हतं, आणि पिंपळनेर त्यांचं गावही नव्हतं. धुळ्याला एसटी बदलल्यावर, खिडकीबाहेर बघत, त्यांनी मला सगळं सांगितलं. मंदा त्यांची मैत्रीण, पिंपळनेरची. त्या शिखराखालच्या शेवटच्या तंबूत तिला श्वास पुरेना, छाती घरघरू लागली. तिला खाली न्यायला हवं होतं. पण बाहेर आभाळ स्वच्छ होतं, आणि असा दिवस पुन्हा मिळणार नव्हता. "ती म्हणाली, मला टाकून जाऊ नको गं. मी म्हटलं, ही गेले आणि ही आले." शेर्पाबरोबर मिस माथ्यावर पोहोचल्या. परतल्या तेव्हा मंदा गेलेली होती.

"तिच्या मायला मी सांगितलं की मंदाच म्हणाली, तू जा, माझ्यासाठी जा. तेव्हापासून माय मला दर आखाजीला लेक म्हणून बोलावते. आज खरं सांगणार आहे. तू बरोबर असलीस की मला पळता येणार नाही."

मायने दारातच मिसवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. "किती सुकी गयी वं! जयगावमां खावाले भेटस नही का?" मग माझ्याकडे बघून, "आनि ही मुकी शे का?"

"लाजते," मिस म्हणाल्या.

खापरावरची पुरणपोळी आणि आमरस वाढून माय समोर बसली. मिसनी घास मोडला, पण तोंडात घातला नाही. "माय, मंदा 'जा' म्हणाली नव्हती. थांब म्हणाली होती. मी गेले."

मी वाटीतल्या रसाकडे बघत राहिले.

"माले ठाऊक शे," माय म्हणाली. "मनी मंदा अंधारामां मोरीमां जायाले बी मनं बोट धरे. ती एकली राहिसन तुले 'जाय' म्हनी? तू पहिला दिन बोलनी, तवयच समजनं."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"मी बोलतू ते तू रडती, पाया पडती, मोकयी व्हई जाती. मंग आखाजीले मना घर कोन येतं?"

मिस पाया पडायला वाकल्या. मायने दोन्ही पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

"नको. जेव."

मिस जेवल्या. दुपारी मायने त्यांना निंबाच्या झोक्यावर बसवलं आणि उभं राहून झोके दिले, सासरहून आलेल्या लेकीला द्यावेत तसे. परतीच्या एसटीत मिस एवढंच म्हणाल्या, "माफ नाही केलं तिने." साक्री गाव मागे पडल्यावर पुन्हा म्हणाल्या, "पुढच्या आखाजीला तिला लुगडं न्यायला हवं."

काही वर्षं त्या तशाच जात राहिल्या, आणि माथ्याच्या अलीकडे बसतही राहिल्या. मग माय गेली. त्यानंतरच्या आखाजीला मी जळगावला मिसकडे गेले. गेलेल्या माणसांच्या नावाने त्या दिवशी घागर भरून ठेवतात. मिसच्या स्वयंपाकघरात दोन घागरी होत्या, त्यांच्यावर एकेक आंबा. मिस नमस्काराला वाकल्या आणि मध्येच थांबल्या. मग सरळ झाल्या, आम्हा दोघींची ताटं वाढली, आणि जेवायला बसल्या.