रिबनवरचं कुंकू

"रक्त आहे का हे?"

कोचबाईंनी सईची पांढरी रिबन दोन बोटांत धरली होती. मेलेल्या उंदराला शेपटीनं धरावं तशी. हॉलमध्ये सहा मुली, त्यांचे आईबाप आणि मी. सुटलेलं पोट पुढे, हातात थर्मास.

२००५चा दसरा नुकताच झाला होता. अमेरिकेतल्या अल्फारेटा गावातल्या आमच्या क्लबात रिदमिक जिम्नॅस्टिक्सच्या संघासाठी सहांतल्या पाच मुली निवडायच्या होत्या. सई माझी लेक, अकरा वर्षांची. चार वर्षं तिनं या जागेशिवाय काही मागितलं नव्हतं. कोचबाई फ्रान्सच्या. एकेकाळी तिकडच्या संघातून खेळलेल्या. त्यांचा शब्द शेवटचा.

आणि मी काय करून ठेवलं होतं? खंडेनवमीला आम्ही अवजारं पुजतो. माझा ऑफिसचा लॅपटॉप, गाडीची किल्ली, हिचा मिक्सर. त्याच रांगेत मी सईची खेळात काठीला बांधून फिरवायची रिबन मांडली.

"अहो, पांढरं सॅटिन आहे ते. नुसतं फूल वाहा," ही म्हणाली.

"शस्त्र आहे तिचं. तुला काय कळतंय?" म्हणालो आणि कुंकवाचं ठसठशीत बोट टेकवलं. इंजिनिअर माणूस!

आता बाई विचारत होत्या. नीट सांगता आलं असतं. मी हसलो.

"सॉरी मॅडम. अवर सुपरस्टिशन. व्हेरी सिली."

बाकीचे आईबापही हसले. विनोद जमला म्हणून मला बरंसुद्धा वाटलं. सई हसली नाही.

बाई तिला म्हणाल्या, "हात धुऊन ये. तसल्या हातांनी इथल्या वस्तूंना शिवायचं नाही."

ती धुऊन आली. बाईंनी तळवे पाहिले. मग हात उलटे करून पाहिले. "पुन्हा." ती गेली, आली. "पुन्हा."

हातांवर कुंकू नव्हतंच. पूजा मी केली होती. उलट्या हातांवर होता तो आमचा रंग.

मी तिच्यामागे बेसिनपाशी गेलो. कशाला? साबण जास्त घे, हे सांगायला. खरं सांगतो. वर म्हणालो, "घास बेटा, जागा जाईल." वर्षानुवर्षं व्हिसावर राहिलेल्या माणसाला जागा जाण्याची भीती फार.

ती घासत होती. पेरं लालबुंद. आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, "बाबा, देअर इज नथिंग ऑन देम. यू नो दॅट."

मला माहीत होतं. तरी मी साबण घ्यायला लावला होता.

नळ मी बंद केला. तिचा ओला हात धरून हॉलमध्ये आलो. माझं इंग्रजी निम्मं पळून गेलं होतं. "हात स्वच्छ आहेत. पहिल्यापासून होते. कुंकू मी लावलंय. आणि ते सिली नाही."

कुणी हसलं नाही. बाई यादीकडे बघत म्हणाल्या, "मग संघ झाला. या पाच."

जवळपास दुसरा क्लब नव्हता. माझ्या लेकीच्या स्पर्धा अकराव्या वर्षी संपल्या. गाडीत तिनं एकच विचारलं, "आधी का हसलास?"

मी किल्ली फिरवली.

मी काही शूर झालो नाही. मॅनेजरचा फोन आला की अजून खुर्चीतून उठून उभा राहतो. पण स्वतःच्या माणसांना हसून कुठलीही जागा मिळवणार नाही. जाऊ दे जागा. संघातली, नोकरीतली, या देशातली. हात आम्ही पुन्हा धुणार नाही.