एका प्रयोगापुरती

आमच्या चाळीत परवानगी हे खातं गुणाजीभावजींचं. लाऊडस्पीकरसाठी पोलीस चौकी, मांडवासाठी जागेचा मालक, नाटकासाठी नाटककार, कुणाच्याही दारात जायचं असलं की मंडळातल्या सगळ्यांच्या माना गुणाजी राऊळांकडे वळायच्या. बाकीचे मेले गप्पा हाणायला तेवढे पुढे. भावजी मात्र गिरणीची पाळी सुटली की धुतलेला सदरा अंगात घालायचे आणि सायकल काढायचे. माझ्या नवऱ्याचे, म्हणजे दत्तारामांचे ते जिवलग. कुर्ल्याच्या एकाच गिरणीत दोघे, आणि घाटकोपरला खोल्याही शेजारी शेजारी. दोन बहिणींना उजवता उजवता भावजींचं स्वतःचं राहूनच गेलं. कुणी विषय काढलाच तर हसून पानाला चुना लावत बसायचे.

गणपतीला आमची निम्मी चाळ कोकणात पळते, म्हणून आमचं नाटक माघात, सत्यनारायणाच्या पूजेला. नवरा तबल्यावर, मी कपडेपटावर. मी गिरगावात वाढलेली. मालवणी सगळी समजते, बोलायला गेले की सासरची माणसं हसतात, म्हणून बोलत नाही.

बावन्न साली नाटक निवडलं त्यात नावाड्याचं काम भावजींना आलं, आणि त्याला एक पद होतं. नाटक लिहिणारे मार्तंडराव म्हणून मुलुंडचे निवृत्त मास्तर. पदाचे शब्द त्यांचे, चालही त्यांचीच. पुस्तकावर छापलंच होतं की प्रयोगाला आणि पदाला लेखकाची परवानगी लागेल. मंडळाचं म्हणणं, घाटकोपरच्या पूजेत कोण बघायला येतोय, दडपून करू. भावजी ऐकेनात. "दुसऱ्याची वस्तू न इचारता घेवची नाय," एवढं बोलले आणि नारळ घेऊन आग्रा रोडनं निघाले.

मास्तर भलतेच कडक निघाले. म्हणाले, आधी म्हणून दाखव, मग बघू. मुलीला पेटीवर बसवलं. भावजींनी पद म्हटलं, मास्तरांनी चार ठिकाणी अडवलं, पुन्हा म्हणायला लावलं, तेव्हा कुठे पेटीवर नारळ ठेवून घेतला. वर बजावलं की परवानगी एका प्रयोगापुरती. पुढच्या वर्षी करायचं तर पुन्हा यायचं, पुन्हा म्हणून दाखवायचं. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसं. नेलंत म्हणून ते तुमचं झालं नाही.

पेटीवर बसलेली ती वसुधाताई. मुलींच्या शाळेत शिकवायची. भावजींच्याच वयाची असेल, लग्न झालेलं नव्हतं. नाटक चाळीला इतकं आवडलं की दरसाल तेच व्हायचं. मास्तर दोन वर्षांनी गेले तेव्हा मंडळाला वाटलं, सुटलो, आता कुणाला विचारायचंय? पण भावजी म्हणाले, बापाचा हक्क मुलीकडे जातो. संक्रांत आली तसे नारळ आणि तिळगूळ घेऊन गेले. वसुधाताईनं वडिलांचा नियम तसाच ठेवला. आई दाराशी वाती वळत बसायची, ताई पेटी काढायची आणि भावजी पद म्हणायचे. एक दुपार. तेवढ्या एका दुपारीवर हा माणूस वर्ष काढायचा.

हे मला कुणी सांगायला नको होतं. पौष लागला की भावजींची लगबग सुरू. केस कापून यायचे, सदऱ्याला इस्त्री करवून आणायचे, नारळ कानाशी हलवून हलवून बाजारवाल्याचा जीव खायचे. एकदा मी चेष्टेनं विचारलं, भावजी, परवानगी आणायला अत्तर लागतं का हो? कानापर्यंत लाल झाले, आणि पुढचे दोन दिवस माझ्याशी अवाक्षर नाही. मग मीच गप्प बसले. गरिबाच्या एवढ्याशा सुखाला दृष्ट लावणारी मी कोण?

आणि गंमत सांगते. त्या पदाच्या तिसऱ्या ओळीत एका जागी थांबायचं असतं. वर्षभर चाळीत भावजी तिथं अचूक थांबायचे, नळावर पाणी भरताना गुणगुणले तरी थांबायचे. मुलुंडला गेले की हटकून चुकायचे. नवरा एकदोनदा तबला घेऊन बरोबर गेला होता, त्यानंच पाहिलं. ताई हात वर करून म्हणायची, "इथं थांबा, गुणाजीराव." हे मान हलवायचे. पुढच्या वर्षी पुन्हा तिथंच घसरायचे. नवरा म्हणे, गुणाजीचा ऐन वेळी धीर सुटतो. पुरुषांना काही म्हणजे काही कळत नाही.

जातीत बसत नव्हतं, नोकरीत बसत नव्हतं. कुठे बीए झालेली मास्तरीण आणि कुठे गिरणीतला फिटर. भावजींनी कधी आशासुद्धा धरली नसेल, धरली असली तरी जिभेवर आणली नाही. येऊन दारात उभे राहायचे आणि हळूहळू सांगायचे, औंदा ताईंनी चहात आलं घातलेलं, औंदा पेटीचा एक सूर बसलेला. मी भाकरी थापता थापता ऐकायची.

अठ्ठावन्न साली नवा कायदा लागू झाला, गाण्यानाटकांच्या हक्कांचा. त्याच वर्षी मंडळाचा चिटणीस झाला बाळ, आमच्याच चाळीतला, फोर्टात वकिलाकडे कारकून. पोरगा सरळ, हुशार, कामाला वाघ. सभेत म्हणाला, नारळ देऊन तोंडी परवानगी आता चालायची नाही, उद्या कुणी हरकत घेतली तर मंडळाची वाट लागेल, लेखी लायसन हवं. आणि घ्यायचंच तर एका प्रयोगाचं कशाला, कायमचं घेऊ. गुणाजीकाकांची दरसालची पायपीटही वाचेल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भावजी खाली बघत बसले. मी मागं कपड्यांना बटणं लावत होते. उठून बाळ्याच्या पाठीत धपाटा घालावा असं वाटलं मला, पण सांगणार काय त्याला?

संक्रांतीला दोघे मिळून मुलुंडला गेले. तिथं काय झालं ते बाळनंच मला रंगवून सांगितलं, मोठा पराक्रम केल्यासारखं. ताईनं पेटी काढून ठेवलेली होती. बाळनं कागद पुढं केला. त्यात लिहिलेलं, सदर नाटक व त्यातील पद यापुढील सर्व प्रयोगांत करण्यास मंडळाला कायमची मुभा आहे. ताईनं तो वाचला, मग पुन्हा वाचला. बाळकडे बघितलंसुद्धा नाही. भावजींना विचारलं, "तुम्हाला हवंय असं, गुणाजीराव? कायमचं?"

भावजी म्हणाले, "होय. मंडळाक हवाहा."

ताई म्हणाली, "तुमचा फेरा वाचेल. बरंच आहे." आणि सही केली.

भावजींनी घसा खाकरला, पद सुरू करायच्या बेतात होते. तर ताई म्हणाली, आता म्हणून दाखवायची गरज नाही, कागदात तशी अट नाही. तिनं पेटीचा भाता लावून टाकला. चहा झाला, तिळगूळ झाला, दोघे निघाले. बाळ मला म्हणाला, वहिनी, अर्ध्या तासात काम फत्ते. मी त्याला म्हटलं, जा बाबा, तुझी आई जेवायला हाक मारतेय.

त्या माघात भावजींनी पद असं म्हटलं की पूजेला आलेली माणसं पुन्हा पुन्हा म्हणायला लावत होती. एक चूक नाही. आणि पडदा पडल्यावर हा माणूस प्रसाद न घेता खोलीत जाऊन झोपला.

पुढच्या वर्षी पौष आला. भावजींनी केस कापले नाहीत. नारळ नाही, इस्त्री नाही. मंडळानं पुन्हा तेच नाटक धरलं, लायसन होतं ना हाताशी. संक्रांतीच्या दिवशी गिरणीला सुट्टी नव्हती, तरी भावजी घरी राहिले, आणि दिवसभर दाराच्या चौकटीत बसून रस्त्याकडे बघत राहिले. मी तिळगूळ दिला तो हातातच धरून ठेवलेला. मला ते बघवेना. जीव तुटतो हो, आपलं माणूस असं आतल्या आत झुरताना पाहून.

रथसप्तमीच्या आत हळदीकुंकवाचं निमित्त काढून मी सरळ मुलुंड गाठलं. वसुधाताईला मी तोवर बघितलेलं नव्हतं. सावळी, उंच, डोळ्यांवर चष्मा. मी कोण ते सांगितल्याबरोबर तिनं माझ्या मागं रस्त्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ते नाही आले, मी एकटीच आहे. तिनं मला आत बसवलं. कोपऱ्यात पेटी होती, वरची खोळ काढलेली.

मी आडवळणं घेणारी बाई नव्हे. विचारून टाकलं की ताई, तुम्ही सही केलीत कशाला?

"मी त्यांना विचारलं होतं," ती म्हणाली. "ते होय म्हणाले. नाही म्हटलं असतं तर मी कागद तिथंच फाडला असता." मग चष्मा काढून पदरानं पुसत बसली. "पद मंडळाला दिलं मी. हवं तेव्हा म्हणा. पण गुणाजीरावांनी यायचं थांबवावं असं मी कुठं लिहून दिलं होतं? संक्रांतीला मी दिवसभर पेटी काढून बसले होते. आई दोनदा दारात जाऊन आली."

मला रडू फुटलं. तिला नाही फुटलं. निघताना माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाली, त्यांना सांगा, काम नसलं तरी या. सहज या.

घरी आले ती चप्पलसुद्धा न काढता भावजींच्या दारात उभी राहिले. सगळं सांगितलं, शब्द न् शब्द. पेटीचं सांगितलं, आई दोनदा दारात गेली तेही. भावजी ऐकत होते. चेहरा असा उजळला की पोरवयाचे दिसायला लागले. मी म्हटलं, उद्याच जा. सुट्टी टाका आणि जा.

ते उठले, सदरा खुंटीवरून काढला, हातात घेऊन उभे राहिले. बराच वेळ तसेच. मग पुन्हा खुंटीला लावला.

"सहज कसो जाव, वयनी?" ते म्हणाले. "दारात कोणी इचारल्यान, काय काम काढलास, तर काय सांगू? कामाशिवाय मी कधी कोणाच्या दारात गेलंय?"

मी म्हटलं, भेटायला आलो असं सांगा. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, नाही म्हणून. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी परवानग्या आणलेला माणूस, स्वतःसाठी मागायची त्याला जमलीच नाही. मी रागारागानं घरात आले आणि चूल पेटवायला बसले. भिंतीपलीकडे भावजी उद्याच्या पाळीचा डबा घासत होते.