ग्रासिएलाकाकू आणि सांगलीची मुरड

अमेरिकेतल्या कॅरी गावच्या मराठी मंडळात कुणी अर्जेंटिनाची तिकिटं काढली, की ती बातमी ग्रासिएलाकाकूंना लागायचीच. कोण सांगायचं देव जाणे. दोन-चार दिवसांत त्या लाटणं आणि मैद्याची पिशवी घेऊन त्या घराच्या दारात हजर व्हायच्या आणि थेट विचारायच्या, "काय काय खाणार आहेस, बोल." समोरचा बिचारा धबधब्याचं, टँगोचं काहीतरी सांगायला लागला तर हात उडवून म्हणायच्या, "धबधबा कुठे पळून जात नाही. गरम एम्पनाडा पळून जाते."

काकू मूळच्या अर्जेंटिनाच्या उत्तरेकडच्या, साल्ता शहरातल्या. आमचे वसंतकाका साखर कारखान्याच्या यंत्रांचे इंजिनिअर. ते यंत्रं बसवायला तिकडे गेले आणि लग्न करूनच परतले. काही वर्षं पुण्यात सासूबाईंच्या हाताखाली काढून मग दोघं अमेरिकेत आले. त्यामुळे काकूंचं मराठी फर्डं होतं, फक्त 'तुम्ही' हा शब्द त्यांनी कधी जवळ केला नाही. मंडळातल्या पंच्याऐंशी वर्षांच्या डॉक्टरांनाही त्या "चे, तू अजून जेवला नाहीस?" असं दरडावायच्या. हे 'चे' म्हणजे तिकडचं 'अरे' आणि 'अगं' दोन्ही. डॉक्टर निमूट ताट घ्यायचे.

या खाऊ घालण्याच्या वेडामागे एक जुनी सल होती, आणि ती काकू कुणापासून लपवत नसत. साल्त्यातल्या लग्नाला वसंतकाकांची आई पुण्याहून गेली होती. पक्की शाकाहारी. मांस खात नाही म्हटल्यावर तिथल्या बायकांनी प्रेमानं चिकन वाढलं. तेही नको म्हटल्यावर हॅम आणलं. शेवटी ती माउली केळी आणि ब्रेडवर दिवस काढून परत गेली. काकूंच्या आईच्या मनाला ते फार लागलं. "विहीणबाई माझ्या घरून उपाशी गेल्या, असं आई मरेपर्यंत म्हणायची," काकू सांगायच्या. हे सांगताना त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खाली यायचा, आणि मग त्या लगेच कुणाला तरी वाढायला उठायच्या.

म्हणून आमची तिकिटं निघाली तेव्हा त्यांना सगळ्यात जास्त आनंद कशाचा झाला असेल, तर माझी आई बरोबर येणार याचा. आई तेव्हा सांगलीहून आमच्याकडे आली होती. ती अंडंसुद्धा खात नाही. प्रवासासाठी दशम्या, मेतकूट आणि चिवडा यांची वेगळी बॅग भरून तयार होती. माझा नवरा निखिल त्या बॅगेला 'आईंचा ट्रॅव्हल इन्शुरन्स' म्हणायचा. काकूंनी ती बॅग उघडली, बघितली आणि बंद केली. "सुमन," त्या आईला पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "साल्त्यात माझी बहीण नॉर्मा आहे. तू तिच्याकडे जेवायला जाणार. आमच्या घरी बसून तू मेतकूट खाल्लंस तर मी इथे लाजेनं मरेन." काकूंना स्वतःला येता येणार नव्हतं. हृदयाच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी लांबचं विमान बंद केलं होतं.

मग दर शनिवारी आमच्या किचनमध्ये शिकवणी सुरू झाली. मक्याचे दाणे वाटून, मक्याच्याच पानात बांधून उकडलेली हुमिता आईला एकदम पसंत पडली. जाड चीज तव्यावर खरपूस भाजून वर ओरेगानो घातलेली प्रोव्होलेता तिनं 'बरी आहे' म्हणत दोनदा घेतली. दुल्से दे लेचे चाखून ती म्हणाली, "ही आपली बासुंदीच, थांबायचं विसरलेली." ते दोन बिस्किटांत भरलं की अल्फाहोर होतं, आणि तसे अल्फाहोर ती चहाबरोबर गुपचूप संपवायची. अडलं फक्त 'माते' या पेयापाशी. मातेच्या कडू पाल्याचं ते गरम पाणी सगळ्यांनी एकाच नळीनं ओढायचं असतं. उष्टं म्हणून आईनं हात मागे घेतला. रिवाजाप्रमाणे पहिला घोट ओतणाऱ्याचा, पण काकूंनी तो मोडला. "पहिला मान तुझा, सुमन. तुझ्या आधी कुणाचं तोंड लागणार नाही." आई प्यायली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "आमच्याकडे काढा असाच असतो."

पोटात काय जायला नको, तेही काकू घोकून घ्यायच्या. लोक्रो हे मक्याचं दाट कालवण खिरीसारखं दिसलं तरी हात लावायचा नाही, तळाशी मांस असतं. एम्पनाडाच्या पारीत चरबी घालतात, ते आधी विचारून घ्यायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कड बघायची. एम्पनाडा म्हणजे दिसायला आपली करंजीच. पण आत काय आहे ते कडेवरून कळतं, प्रत्येक सारणाची घडी वेगळी. काकू चिकनला दोरीसारखी घडी घालायच्या, मक्याच्या सारणाला काट्यानं दाबायच्या.

घोटाळा तिथेच झाला. मंडळाच्या पिकनिकसाठी काकूंनी आमच्याकडे ढीगभर एम्पनाडा केल्या आणि ओव्हन तापेपर्यंत त्या जरा बाहेर जाऊन बसल्या. आईनं ट्रे पाहिले. काट्यानं दाबलेल्या कडा म्हणजे तिच्या मते शुद्ध आळस. तिनं एकेक उचलून सगळ्यांना सांगलीची बारीक, रेखीव मुरड घातली. मग हात कशाला थांबेल, चिकनच्याही दोऱ्या नीट करून टाकल्या. कोंबडीला आपला हात लागतोय हे तिच्या गावीही नव्हतं. ओव्हनमधून सगळ्या निघाल्या त्या जुळ्या बहिणींसारख्या, आणि पिकनिकला निम्मे लोक शाकाहारी.

आईला कळलं तेव्हा ती रडायच्या बेतात होती. काकूंनी ट्रेकडे पाहिलं आणि खुर्चीत बसून पोट धरून हसल्या. मग आम्ही प्रत्येक एम्पनाडा मधोमध फोडून दोन ढीग केले. पिकनिकला सगळ्यांनी तुकडेच खाल्ले. "चे, सुमन," काकू म्हणाल्या, "अशी घडी माझ्या आईलाही जमली नसती. आजपासून मुरड म्हणजे शाकाहारी. काटा कोंबडीला."

काकूंना जाऊन आता वर्ष होईल. मंडळात तो नियम अजून चालतो, आणि नव्या आलेल्या पोरांना तो अर्जेंटिनाचाच वाटतो.

त्या प्रवासाच्या वेळी मात्र काकू होत्या. आम्ही साल्त्यात पोचलो तेव्हा आई जरा धास्तावलेलीच होती. ब्युनोस आयर्समध्ये एका हॉटेलात शाकाहारी म्हणून मागवलेल्या सॅलडमध्ये टूना निघाला होता. तेव्हापासून तिनं चिवड्याचं पाकीट घातलेली पर्स खाली ठेवली नव्हती. नॉर्माचं घर लहान, अंगणात द्राक्षाचा वेल. नॉर्माला इंग्लिश येत नव्हतं आणि आम्हाला स्पॅनिश. तिनं आईला हाताला धरून टेबलाशी बसवलं आणि झाकलेलं ताट पुढे ठेवलं. आईचा एक हात पर्सवरच होता.

नॉर्मानं वरचं फडकं काढलं. ताटभर एम्पनाडा, आणि प्रत्येकीला सांगलीची मुरड. कुठे वाकडी, कुठे सुटलेली, एक तर अगदीच चेपलेली, पण मुरडच. काकूंनी नंतर एका शनिवारी आईच्या मुरडीचा व्हिडिओ गुपचूप काढून बहिणीला पाठवला होता आणि आम्हाला अवाक्षर बोलल्या नव्हत्या. नॉर्मा लोण्याचं पाकीट उंच धरून दाखवत होती, पारीत चरबी नाही हे कळावं म्हणून.

आईनं पर्स खाली ठेवली आणि खायला लागली. ती इतकी मनापासून जेवताना मी फार दिवसांनी पाहिली.

जेवण झाल्यावर नॉर्मानं काकूंना व्हिडिओ कॉल लावला. "कशी झाली, सुमन? खरं सांग," काकू म्हणाल्या.

"पारी जरा जाड आहे," आई म्हणाली. "पण मुरड छान घातलीय हो पोरीनं." नॉर्मा सत्तरीची. काकूंनी त्याचं स्पॅनिश काय केलं कोण जाणे, नॉर्मानं आईचा मुकाच घेतला.

"ताट दाखव," काकू मला म्हणाल्या. मी फोन ताटावर धरला. ताटात नुसता चुरा उरला होता.

काकूंच्या बाजूचं चित्र हललं. छत दिसलं, फ्रिज दिसला, मग स्थिर झालं. काकू कुठेच नव्हत्या. पडद्यावर त्यांच्या किचनच्या भिंतीवरचा जुना फोटो होता, अंबाडा घातलेल्या, नॉर्मासारख्याच दिसणाऱ्या एका बाईचा. काकूंचा आवाज मागून येत होता, हळू, स्पॅनिशमध्ये. नॉर्मानं तोंडावर हात ठेवला.

"काय म्हणताय, ग्रासिएलाबाई?" आईनं विचारलं.

"काही नाही, सुमन. ताट तसंच धरायला सांग. आई बघतेय."