काका, फिरा!

"सुटला का, शेठ?"

मैदानाकडे पाठ करून, कंपाउंडच्या भिंतीकडे बघत काका एवढंच विचारायचे. चेंडू मुलीच्या हातातून सुटला का? मग मी सांगायचं, "सुटला." मग, "वर गेला." मग, "रिंगवर आला." पुढचं सांगायची गरज नसायची. ते लोकांच्या आवाजावरून कळायचं.

क्रिकेटची मॅच रंगात आली की टीव्हीसमोरून उठून गॅलरीत जाणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. एखादं तुमच्या घरातही असेल. पण मॅच बघायला म्हणून खाडीकाठच्या गावातून सायकल हाणत यायचं, उन्हात बाकावर बसायचं आणि नेमक्या वेळी पाठ फिरवायची, असा माणूस मी एकच पाहिला.

माझा धंदा जुन्या दारं-खिडक्यांचा. वसईत बिल्डिंग पाडायला काढली की आधी मी आत शिरतो. चौथ्या मजल्यावर कठडा नसलेल्या गॅलरीत उभं राहून मी चौकटींचे भाव पाडलेत, आणि कधी माझा पाय लटपटला नाही. नववीत शाळा सुटली, पुढचं सगळं तोंडाच्या जोरावर. दुकान निर्मळकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आणि दुकानासमोरच एका कॉलेजचं बास्केटबॉलचं मैदान. संध्याकाळी गिऱ्हाईक नसलं की मी तिकडे जाऊन उभा राहायचो. उभं राहून पाय दुखायला लागले तेव्हा एका पाडलेल्या हॉलमधले दोन लांब सागवानी बाक मी मैदानाला देऊन टाकले. फुकट. आयुष्यात खिळा फुकट न देणाऱ्या माणसाने.

महिन्याभरात त्या बाकांच्या कडेला पांढऱ्या रंगात अक्षरं उमटली. 'माजी विद्यार्थी संघाकडून सप्रेम.' मी संघाच्या अध्यक्षांना गाठलं आणि आवाज चढवला. हे अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले, शर्ट कायम इस्त्रीचा. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "शेठ, तुम्ही कुठल्या बॅचचे?"

हे वाक्य अजून माझ्या घशात अडकलंय. असो. त्या बाकावर मी हक्काने बसायला लागलो आणि शेजारी काका बसायला लागले.

काकांची उमर मिठागरात गेली होती. पायांची कातडी मिठाने खाल्लेली, चामड्यासारखी. नातवाला क्लासला सोडायला ते इकडे येत आणि तो सुटेपर्यंत मैदानावर वेळ काढत. नातू इंजिनिअर व्हायला पुण्याला गेला, तरी काका येतच राहिले. खेळाचं त्यांना फारसं काही कळत नव्हतं. चेंडू रिंगमधून गेला की चांगलं, नाही गेला की वाईट, एवढंच. भीती मात्र सगळ्याची. चेंडू कुणाच्या नाकावर बसेल, खांब गंजलाय तो पडेल, मुली धावताना आपटतील. एखादी पडली की त्यांच्या तोंडून "आई गं" निघायचं. तिच्या आधी.

त्या वर्षी भीतीला कारणही होतं. मुलींच्या संघातल्या सगळ्या मोठ्या खेळाडू एकदमच पास होऊन गेल्या होत्या. उरल्या त्या आठ कोवळ्या पोरी. पास द्यायच्या तो रिकाम्या जागी. चेंडू हातात आला की तिथेच खांब व्हायच्या. आम्ही बघणारे तीसेक लोक, रिक्षावाल्यांपासून प्राध्यापकांपर्यंत, सगळ्यांना मागच्या वर्षी जिंकायची चटक लागलेली. मग तोंडं सुटायची.

"अगं पास दे! लग्नातलं ताट आहे का ते, धरून बसायला?"

"पळ ना! मेंदी लावल्येय का पायाला?"

त्यातला बराचसा आवाज माझा असायचा. काका माझी बाही ओढायचे. "हलू बोला, शेठ. ऐकतात त्या."

"ऐकू दे की! त्याशिवाय सुधारणार कशा?"

"सुधारनार नाय. पलतील."

आता त्या पाठ फिरवण्याची गोष्ट. मोसमातला पहिला सामना आम्ही जिंकलो तो एका फ्री थ्रोवर. समोरच्या मुलीने धक्का दिला की आपल्या मुलीला रेषेवर उभं राहून, कुणी आडवं न येता, रिंगमध्ये चेंडू टाकायला मिळतो. दिसायला सगळ्यात सोपं काम. पण तिथे ती एकटी असते, आणि सगळं मैदान तिच्याकडे बघत गप्प झालेलं असतं. त्या दिवशी काकांना ते सोसवेना. ते बाकावरच उलटे वळून बसले. चेंडू आत गेला.

अध्यक्षांनी ते हेरलं. "काकांनी बघितलं नाही, म्हणून गेला!"

झालं. पुढच्या सामन्यापासून पंचांची शिट्टी वाजून मुलगी रेषेवर गेली की तीस गळ्यांतून आवाज यायचा, "काका, फिरा!" आधी सगळे हसायचे. मग आम्ही हरत गेलो तसं हसणं गेलं आणि नुसती ओरड राहिली. बी.ए., एम.ए. झालेली माणसं, पण काका वळायला जरा रेंगाळले की त्यांच्या अंगावर धावून जायची. काका निमूट वळायचे. त्यांना ते बरंच होतं. हात मांड्यांखाली दाबून भिंतीकडे बघायचे आणि मला विचारायचे, "सुटला का, शेठ?"

एकदा मी दयेपोटी खोटं बोललो. "गेला आत."

"खोटं नका बोलू. पब्लिकनी श्वास सोडला तो ऐकला मी."

खरं सांगू, ती भीती मलाही चिकटली. शिट्टी वाजली की माझे तळवे गार पडायला लागले. ज्या पोरींचं मला नाव माहीत नाही, ज्यांच्या जिंकण्याहरण्याने माझ्या दुकानातली एक बिजागरी हलत नाही, त्यांच्यासाठी. मला स्वतःचाच राग यायचा आणि तो मी त्यांच्यावर काढायचो.

सगळ्यात जास्त बोलणी खायची ती अकरा नंबरची मुलगी. संघात सगळ्यात उंच, म्हणून धक्के तिलाच, म्हणून रेषेवर जाणं तिलाच, आणि म्हणून चुकायचीही तीच. एका सामन्यात तिने पाठोपाठ दोन फ्री थ्रो घालवले आणि आम्ही हरलो. ती पिशवी उचलून, कुणाशी न बोलता, जर्सीतच फाटकाबाहेर गेली. दुसऱ्या दिवशी सरावाला आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

प्रशिक्षक मॅडम दुकानात आल्या. "शेठ, ती सोडतेय. ती गेली की तिच्या दोघी मैत्रिणी जाणार. उरतील पाच. एकीचा पाय मुरगळला तर मैदानात उतरायला पुऱ्या मुली नाहीत. प्राचार्य म्हणतात, असं असेल तर पुढच्या वर्षीपासून मुलींचा संघच नको."

काका तिथेच चहा पीत होते. त्यांनी चहा अर्धाच ठेवला. मॅडम गेल्यावर म्हणाले, "शेठ, तुम्ही जा ना तिच्याकं. तुमाला भाव करता येतो."

घर मला माहीत होतं. एव्हरशाईन सिटीत तिच्या वडिलांना मी एक जुना दरवाजा विकला होता. काकांना स्कूटरवर मागे बसवून गेलो. वाटेत ते माझ्या खांद्याला असे धरून बसले होते की वळ उठले.

वडिलांनी दार उघडलं. म्हणजे आधी आतून दोन धक्के बसले, मग उघडलं.

"या शेठ. बघितलंत ना? पावसाळ्यात फुगलाय तो अजून तसाच आहे. सागवानी म्हणाला होतात."

"सागवानीच आहे. सवय लागते त्याला." मी विषय आवरता घेतला. "मुलीबद्दल आलोय."

ती आतून आली. मी धंद्याच्या पद्धतीने सुरुवात केली. म्हटलं, पूर्ण मोसम खेळ. ती म्हणाली, नाही. म्हटलं, बरं, राहिलेले तीन सामने. नाही. दोन? नाही. निदान शनिवारचा एक? तिची आई पोह्यांच्या बश्या घेऊन आली आणि म्हणाली, "शेठ, कोथिंबीर घ्यायला आलात का?"

मी चिडलो. "मग झालंय तरी काय? लोक ओरडतात म्हणून? अगं, लोक ओरडणारच! मीही ओरडतो!"

"तुम्ही ओरडता ते चालतं मला," ती म्हणाली. "मॅडम ओरडतात, पब्लिक ओरडतं, सगळं चालतं." मग तिने काकांकडे बोट केलं. "पण हे आजोबा. मी लाइनवर गेले की हे पाठ फिरवतात. प्रत्येक वेळी. माझा चेहरा त्याच बाजूला असतो. म्हणजे मी इतकी बेकार आहे का, की बघवत पण नाही?"

'काका, फिरा' ही ओरड तिने ऐकली होती, पण ते आपल्यालाच चिडवणं आहे असं तिला वाटलं होतं. हिच्याकडे बघू नका, ही घालवणारच. आणि खरंच, तिच्या जागी उभं राहून आम्हा तीस जणांतल्या एकाने तरी कधी विचार केला होता?

काकांनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

"पोरी, मिठागरात मीठ तयार झालं ना, की मी आभालाकं बघायचा नाय," ते म्हणाले. "एक सर आली की सगल्याचं पानी. ढग आले की झोपडीत जायचा, भिंतीकं तोंड करायचा आनि बायकोला विचारायचा, आला का गं पाऊस? नातू झाला तवा पन दवाखान्यात भिंतीकंच तोंड. जे मना लय हवं असतं ना, तिकडं मना नाय बघवत."

मुलगी समोरच्या खुर्चीवर बसली.

"तू ये. मी बघीन," काका म्हणाले. "मरेन भीतीनी, पन बघीन."

मी आयुष्यभर सौदे केले. इतका तोट्यातला सौदा कुणी स्वतःहून मांडलेला पाहिला नव्हता. आणि तो पटला.

शनिवारी ती आली. सामना असा चालला होता की तीस माणसं पाणी प्यायचं विसरली. शेवटी आम्ही एका गुणाने मागे, घड्याळात काही क्षण उरलेले, आणि अकरा नंबरला धक्का बसला. शिट्टी. दोन टाकायचे. दोन्ही गेले तर जिंकलो, एक गेला तर बरोबरी.

"काका, फिरा!"

काका वळले नाहीत. दोन्ही हातांनी बाकाची कड धरून समोर बघत होते. दातावर दात वाजत होते, ते मला ऐकू येत होतं. तिने बाकाकडे एकदा पाहिलं आणि चेंडू टाकला. रिंगवरून घरंगळून बाहेर.

मग मात्र लोक उठले. "काका, फिरा हो! काय लावलंय!" "म्हाताऱ्याला वळवा रे कुणीतरी!" अध्यक्ष मागून आले आणि त्यांनी काकांचे खांदे धरून त्यांना वळवायला सुरुवात केली. इस्त्रीची बाही मी मनगटाशी धरली.

"हात काढा."

"शेठ, मॅच जाईल!"

"जाऊ दे. हात काढा, आणि माझ्या बाकापासून लांब व्हा."

"तुमचा बाक?" त्यांनी अक्षरांकडे पाहिलं.

मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. हात निघाला. काकांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पापणी पाडत नव्हते, पाडली तर बघणं मोडेल या भीतीने. त्यांनी माझं मनगट पकडलं, पण विचारलं काही नाही. पहिल्यांदाच.

चेंडू सुटला. आम्ही हरलो.

लोक बाकासमोरून जाताना काकांना ऐकवून गेले. "बघितलंत, झालं समाधान?" "आधीच सांगितलं होतं." त्या प्रत्येकाचा चेहरा माझ्या लक्षात आहे. त्यातला एक पुढे देवघराच्या दाराची चौकट घ्यायला दुकानात आला. मी सांगितलेल्या भावातून एक रुपया खाली आलो नाही. अध्यक्षांना तर मी अजून नमस्कार करत नाही, आणि करणारही नाही.

दुसऱ्या दिवशी काका वेळेआधीच फाटकाशी सायकल धरून उभे होते. मुली एकेक करून आत जात होत्या आणि काकांचे ओठ मोजल्यासारखे हलत होते. शेवटी अकरा नंबर आली. जाताजाता म्हणाली, "आजोबा, डोळे लाल झालेत तुमचे."

"झोप नाय आली," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून, जणू मी विचारलं होतं, म्हणाले, "आठ."

राहिलेले दोन्ही सामने काकांनी सरळ बसून पाहिले. भीती कमी झाली नाही. उलट वाढली, आता तिला भिंतीचा आडोसा नव्हता. ओरडणारे ओरडत होते. त्यातला एक सामना जिंकलो, एक हरलो. संघ राहिला.

दिवाळीआधी काका गेले. झोपेत. ज्या गोष्टीला ते सगळ्यात जास्त घाबरायचे, ती आली तेव्हा त्यांना कळलंच नाही. त्यांच्या मुलाने सांगितलं, सकाळी हाक मारायला गेलो तर भिंतीकडे तोंड करून निजले होते.

संघातल्या मुली आता थोड्या थोराड झाल्यात. पास अजून चुकतात, पण खांब होत नाहीत. बाकावर अक्षरं तीच आहेत. बाकाच्या कडेला जिथे काका बसायचे, तिथे आता मी बसतो, दुसरं कुणी बसू नये म्हणून. अकरा नंबर रेषेवर जाते, चेंडू दोनदा जमिनीवर आपटते, आणि टाकण्याआधी एकदा या कडेला बघते. 'काका, फिरा' आता कुणी म्हणत नाही. माझे तळवे गार पडतात, मान आपोआप भिंतीकडे वळायला लागते. मी बाकाची कड घट्ट धरतो आणि समोर बघतो.

चेंडू तिच्या हातातून निघतो. शेजारी कुणी नसतं, तरी मी हळूच सांगतो.

"सुटला, काका."