बाबांची इस्त्रीची पँट

लिहिण्याचं धाडस करतो आहे, चुकलं तर सांभाळून घ्यावं. आम्ही जबलपूरचे, माझं सगळं शिक्षण हिंदीत झालं, मराठी घरापुरती. पण ही गोष्ट घरात मराठीतच घडली, म्हणून तशीच लिहितो.

बाबा टेम्पो चालवत. अपघातात त्यांचा डावा पाय गुडघ्याखालून गेला. पुढे नकली पाय बसवला, आणि गोहलपूरच्या एका मिस्त्रीने जुन्या स्कूटरला मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जादा चाकं जोडून दिली. नेपियर टाउनमधले एक औषधांचे व्यापारी दुकानांत माल पोचवायचं काम द्यायला तयार होते. अट एकच, लायसन्स. "दशहरे तक रुक जाता हूँ, भैया. फिर दूसरा देखूँगा," ते म्हणाले होते.

असं लायसन्स फक्त त्या खास गाडीपुरतं मिळतं. अर्ज मी भरला, कारण घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. गाडी चालवायच्या परीक्षेच्या दिवशी आईने बाबांच्या पँटला कडक इस्त्री केली. सरकारी ऑफिसात बापुडवाणं होऊन जायचं नाही, ही आमच्याकडची रीत. बाबांनी अंगणात काठीशिवाय चालायचा सरावही केला होता.

"कसा चालून राहिलो?"

"कोणाला समजणार नाही," आई म्हणे.

खरंच समजलं नाही. आरटीओच्या साहेबांनी फाइल पाहिली, मग समोरून सरळ चालत येणाऱ्या बाबांना पाहिलं. "ये तो ठीक-ठाक चल रहे हैं." बाबांना ती शाबासकी वाटली, ते हसले. साहेबांनी फाइलवर अपंगत्वाबद्दल शंका लिहिली आणि परीक्षा न घेताच आम्हाला परत पाठवलं. डॉक्टरांकडून पुन्हा तपासणी.

डॉक्टरांच्या ऑफिसात म्हणत, आरटीओकडून चिठ्ठी आणा. आरटीओत म्हणत, चिठ्ठी कधीच गेली. मी क्लास बुडवून दोन्हीकडे उभा राहायचो. तोवर नवरात्र बसलं. मोहल्ल्यात गाड्या धुणं सुरू झालं, आमची स्कूटर मात्र झाकलेलीच.

"काय भाऊ, गाडी काय दाखवायला ठेवली?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

"हो, तिकीट काढा मग दाखवतो," बाबा म्हणाले. पण घरात आले तेव्हा आईला म्हणाले, "काहून धुवायची? लायसन्स आलं तरच माळ घालू."

शेवटी तपासणी झाली आणि आम्ही पुन्हा त्याच साहेबांसमोर उभे राहिलो.

"पैर दिखाइए."

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग बाकावर बसून, सगळ्या रांगेसमोर, त्यांनी ती इस्त्रीची पँट वर दुमडली, पट्टे सोडले आणि पाय काढून माझ्या हातात दिला. तो आतून गरम होता. कसा धरायचा ते मला कळेना. आडवा धरला तर सामानासारखा वाटे. शेवटी छातीशी उभा धरला.

"पहले ही बता देते, भैया," साहेब हळू आवाजात म्हणाले.

"आपने पूछा नहीं था, साहब."

मग परीक्षा झाली. बाबांनी स्कूटर खुणांमधून बिनचूक फिरवली. मंजुरीचा मेसेज येईल, असं सांगितलं. अर्जावर नंबर माझा होता. फोन थरथरला की वर्गात माझं लक्ष उडे, आणि निघायची ती रिचार्जची जाहिरात.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी व्यापाऱ्यांचा फोन आला. "भैया, कल दशहरा है."

"जी, आज आ जाएगा," मी म्हणालो. कशाच्या भरवशावर, ते मलाही माहीत नव्हतं. हे मी घरी सांगितलं नाही.

संध्याकाळी आई दाराच्या चौकटीसाठी झेंडूची माळ ओवत होती. बाबा स्कूटरकडे पाठ करून बसले होते. फोन थरथरला. मी उचलला नाही, तर बाबाच म्हणाले, "पाहून तर घे." आईचे हात थांबले.

मी मोठ्याने वाचलं: लायसन्स मंजूर, फक्त बाजूला चाकं जोडलेल्या गाडीसाठी.