बिबट्यासाठी लावलेला कॅमेरा

शेण काढलं, शेळ्यांना पाणी पाजलं, भाकरी थापल्या आणि घास कापायला बांधावरून निघाले. कालचीच सकाळ. बिबट्यांची पाहणी करणाऱ्या ताई वाटेवरच्या बाभळीला बांधलेला कॅमेरा काढत होत्या.

फोटो बघून त्या हसल्या. “मावशी, बिबट्या एकदाच आलाय. बाकी रोज तुम्हीच! आणि तोंड सारखं चालू. फोनवर बोलता का?”

“फोन घरीच ऱ्हातो, ताई. आमच्या मालकांशी बोलते. वारले ते.”

त्यांनी कॅमेरा पिशवीत ठेवला. मग म्हणाल्या, “माणसांचे फोटो आम्ही पुसून टाकतो.”

“पुसा.”

येताना लाज वाटली. मालकांशी काहीच बोलले नाही. गेलेल्या माणसाशी तुमच्यापैकी कुणी असं बोलतं का?

आज सकाळी त्याच वाटेनं गेले. बिबट्या येऊन गेल्याचं मालकांना सांगितलं.